'घडलं' आणि 'केलं' : सुधारगृहाकडून उपचाराकडे

व्याकरणाच्या तासाला 'माझ्याकडून चूक घडली' हे वाक्य फळ्यावर लिहिले की कर्ता कोण, हा प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थी बहुधा 'मी' असे उत्तर देतात आणि ते चुकते. कर्ता 'चूक' आहे. 'मी' तिथे 'माझ्याकडून' होऊन वाक्याच्या कडेला उभा राहिला आहे. 'मी चूक केली' असे वाक्य बदलून घेतले तरी क्रियापद 'चूक' या शब्दाच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. आपल्या भाषेने माणसाला स्वतःच्या कृत्यापासून दोन पावले मागे सरकण्याची ही जी सोय करून ठेवली आहे, तिच्याविषयी भाषाशास्त्राबाहेर फारसा विचार झालेला नाही. मात्र जगात एक खोली अशी आहे की जिथे या एका गोष्टीवर महिनोन्‌महिने काम चालते. लैंगिक अपराध केलेल्या किशोरवयीन मुलांसाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराची ती खोली.

या उपचाराचे काम ढोबळमानाने असे चालते. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा मुलगा समुपदेशकासमोर किंवा आपल्यासारख्याच सात-आठ मुलांच्या गटात बसतो. जे केले त्याच्या आधी काय झाले, मनात कोणता विचार आला, त्या विचाराने कोणती भावना उठली, थांबता आले असते अशी जागा कोणती होती, हे तो हळूहळू मांडायला शिकतो. 'तिला काही कळत नव्हते', 'तीच माझ्या मागे आली', 'सगळेच करतात', 'ते आपोआप झाले' अशी वाक्ये एकेक करून बाहेर काढली जातात आणि तपासली जातात. मग दुसऱ्या व्यक्तीला काय वाटले असेल, याचा विचार. मग शरीर, संमती आणि मैत्री यांविषयीचे साधे, पण कुणीच न दिलेले शिक्षण. शेवटी आईवडिलांसह बसून एक आराखडा : लहान मुलांसोबत एकटे राहायचे नाही, राग किंवा एकटेपणा दाटून आला तर कुणाकडे जायचे, घरात कुणी लक्ष ठेवायचे. यात औषध नाही, यंत्र नाही. वाक्ये हेच साधन आहे.

हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कुणी विचारील. आम्ही नंदुरबार जिल्ह्यात मराठी शिकवतो. तोरणमाळ-धडगावच्या डोंगरातून उतरून आलेली, घरी पावरी किंवा भिली बोलणारी मुले आमच्या वर्गात बसतात. शिक्षा, सुधार आणि उपचार यांचा महाराष्ट्रातला इतिहास वाचताना आमच्या लक्षात आले की हा बराचसा शब्दांचा इतिहास आहे. कायद्याने मुलाचे नाव पुनःपुन्हा बदलले, पण मुलाला स्वतःविषयी बोलता येईल अशी भाषा त्याच्या हाती देण्याचा प्रश्न मागेच राहिला.

आरंभ कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांत होतो. १८५० सालच्या अप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्हा केलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची तरतूद झाली. १८५७ साली मुंबईत बालगुन्हेगारांसाठी सुधारशाळा उभी राहिली. डेव्हिड ससून यांच्या दानामुळे तिला त्यांचे नाव मिळाले आणि ती आजही माहीममध्ये आहे. १८७६ साली आणि पुन्हा १८९७ साली सुधारशाळांचे अखिल भारतीय कायदे झाले. १८९७च्या कायद्यात पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई, पण अठराव्या वर्षापलीकडे नाही. कायद्याच्या व्याख्येत फक्त मुलगे होते. या शाळांची श्रद्धा एकच : सुतारकाम, लोहारकाम, विणकाम, बागकाम. हात गुंतले की मन सुधारते.

शाळेला पर्याय होता तो वेताचा. १८६४ सालच्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी छड्या मारून सोडून देण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. ही शिक्षा भारतीय कायद्यातून रद्द होण्यास १९५५ साल उजाडावे लागले. सुतारशाळा आणि वेत यांच्यात वरवर मोठे अंतर दिसते, पण दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी मुलाने काही बोलण्याची गरज नाही. त्याचे शरीर हेच शिक्षणाचे क्षेत्र. त्याला काय वाटले, त्याने कसा विचार केला, हा प्रश्न विचारलाच जात नव्हता.

लैंगिकतेचे काय? तिचा वास या संस्थांना नेहमीच येत असे. इतिहासकार सतद्रु सेन यांनी वसाहतकालीन सुधारशाळांचा जो अभ्यास केला आहे, त्यातून अधिकाऱ्यांची ही चिंता स्पष्ट दिसते. परंतु ती सोडवायची ती रात्रीच्या पहाऱ्याने, कंदिलाने आणि मोठ्या-लहान मुलांच्या वेगळ्या निजण्याच्या जागांनी. बोलण्याचा तो विषय नव्हता, बंदोबस्ताचा होता. आजच्या अनेक वसतिगृहांच्या व्यवस्थापनाची कल्पना याहून फार पुढे गेली आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आमच्या खानदेशात याच काळात आणखी एक धागा विणला जात होता. १८२५ साली आउट्रॅमने भिल्ल पलटण उभारली. 'उपद्रवी' ठरवलेल्या समाजाला कवायत आणि पगार देऊन 'सुधारण्याचा' तो प्रयोग होता. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १८९७ सालच्या दुरुस्तीने अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधार वसाहतीत ठेवण्याची सोय झाली. चार वर्षांच्या मुलाने कोणता गुन्हा केला असणार? गुन्हा त्याच्या जन्मात आहे असे मानले गेले होते. म्हणजे एकाच वर्षी, १८९७ साली, एक कायदा सांगत होता की मूल घडवता येते आणि दुसरा सांगत होता की काही मुले घडूनच येतात. लैंगिक अपराध केलेल्या मुलाकडे पाहताना ही दुसरी समजूत अजून सर्वांत आधी डोके वर काढते : 'याची जातच तशी', 'रक्तातच आहे', 'मोठा होऊन राक्षस होणार'.

१९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारातले डोंगरीचे रिमांड होम आणि मानखुर्दचे बालगृह ही नावे मग मराठी माणसाच्या ओठांवर बसली. 'रिमांड होम' हा शब्द तर इतका मराठी झाला की त्याने कायद्याचे मूळ प्रयोजनच गिळले. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत मुलाला सुरक्षित ठेवण्याची जागा, हा अर्थ बाजूला पडून 'टाकीन रिमांड होममध्ये' अशी धमकी घरोघर तयार झाली.

त्याच १९२७ सालच्या जुलैत, त्याच मुंबईत, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. हा योगायोग आम्हांला मोठा बोलका वाटतो. एका बाजूला राज्य मुलांसाठी बंद दारांच्या संस्था उभारत होते आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस लैंगिकतेविषयी मराठीत सरळ, शास्त्रीय, न लाजता लिहिता येते का हे पाहत होता. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्याच्यावर खटला झाला. बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि तरीही कर्वे यांना दंड झालाच. मासिक १९५३ साली कर्वे यांच्या निधनापर्यंत चालले. पुढे त्याची भाषा कुणी वाढवली? पाठ्यपुस्तकांनी नाही, शिक्षकांनी नाही, संस्थांनीही नाही. एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने काय केले हे त्याला विचारायचे झाले, तर आजही प्रश्न विचारणाऱ्याजवळ दोनच मराठी असतात : एक शिवीची, दुसरी पंचनाम्याची. समुपदेशकाला हवी असलेली तिसरी मराठी कर्व्यांनी घडवायला घेतली होती.

मनाकडे पाहण्याची सुरुवात मात्र लवकर झाली, हे नोंदवले पाहिजे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिच्याशी संलग्न असे बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली सुरू झाले. मूल 'वाईट' नसून 'अडचणीत' असू शकते, ही कल्पना या केंद्रातून महाराष्ट्रात आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुलांविषयीचा नवा मुंबई कायदा झाला, १९८६ साली देशभरासाठी बाल न्याय कायदा, मग २००० आणि २०१५ साली नवे कायदे. दरवेळी पाटी बदलली. 'बालगुन्हेगार' होता त्याचा 'अपचारी बालक' झाला आणि पुढे 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. रिमांड होमचे 'निरीक्षणगृह' झाले. २०१५च्या कायद्याने तर कलंक लावणारे, आरोपाच्या सुरातले शब्द मुलाबाबत वापरू नयेत हे एक मूलभूत तत्त्वच ठरवले. भाषेविषयी इतकी जागरूकता दाखवणारे कायदे थोडे असतील. 'विधिसंघर्षग्रस्त' हा सामासिक शब्द ज्या मुलाला लावायचा त्याला तो उच्चारताही येणार नाही, हा भाग निराळा.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या आरन बेक यांनी नैराश्यावरील कामातून जवळचाच मार्ग काढला. घटनेने नव्हे, तर घटनेविषयीच्या आपल्या समजुतींमुळे भावना आणि वर्तन घडते. त्या समजुती तपासता येतात, बदलता येतात, हे त्याचे सार. मराठीला या विचाराची ओळख इतर कित्येक भारतीय भाषांपेक्षा अधिक जवळून झाली. त्याचे श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांना. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धती भारतात रुजवली, तिच्यावर मराठीत लिहिले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती सामान्य वाचक-श्रोत्यांपर्यंत नेली. त्यामुळे 'अविवेकी समजुती' हा शब्दप्रयोग आज शिकलेल्या मराठी माणसाला परका नाही. परीक्षेची भीती, कार्यालयातला राग, वैवाहिक कुरबुरी यांवर तो वापरतो. पण हा सारा उपचार स्वेच्छेचा. माणूस आपल्या पायांनी चालत जातो, आपल्या भाषेत बोलतो आणि आपल्या दुःखाविषयी बोलतो. न्यायमंडळाच्या आदेशाने आलेल्या आणि दुसऱ्याच्या दुःखाला कारण झालेल्या मुलाची गोष्ट वेगळी असते.

त्या मुलांसाठीचे पहिले कार्यक्रम अमेरिकेत १९७०च्या दशकात उभे राहिले. त्यांचे दर्शन जगाला घडवणाऱ्यांत फे हनी नॉप हे नाव महत्त्वाचे. त्या क्वेकर पंथाच्या आणि तुरुंगच नकोत असे मानणाऱ्या. तुरुंग नको तर अशा मुलांचे करायचे काय, या प्रश्नाला उत्तर शोधत त्या हिंडल्या आणि १९८२ साली त्यांनी अशा नऊ कार्यक्रमांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या दशकात कार्यक्रमांचे पेव फुटले. मात्र त्यांचा साचा आला तो प्रौढ अपराध्यांच्या उपचारातून, आणि त्या उपचारातला 'पुन्हा घसरू न देण्याचा' भाग दारूमुक्तीच्या कामातून. चौदा वर्षांच्या मुलाला छोटा प्रौढ मानले गेले. त्याचे वर्तन म्हणजे आयुष्यभराचे व्यसन, असे गृहीत धरले गेले. वर्षानुवर्षे निवासी उपचार, सर्व काही कबूल केल्याशिवाय पुढची पायरी नाही, काही ठिकाणी असत्यशोधक यंत्रसुद्धा. उपचाराचा कबुलीजबाब झाला.

हे चुकले असे आम्ही केवळ मानवतेपोटी म्हणत नाही. आकडेच तसे सांगतात. टोरांटोच्या वर्लिंग आणि कर्वेन यांनी २००० साली १४८ किशोरांचा पाठपुरावा मांडला. कुटुंबासह उपचार पूर्ण केलेल्या ५८ जणांत नव्या लैंगिक अपराधाचे प्रमाण ५ टक्के, तर तुलनेच्या ९० जणांत १८ टक्के होते. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा सगळे श्रेय उपचाराला देणे घाईचे ठरेल; तरी दिशा कळते. मिसूरीत बॉर्डुइन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली अवघ्या १६ मुलांवर चिठ्ठीपद्धतीने प्रयोग केला. मुलाला खोलीत एकटे बसवून बोलण्यापेक्षा घर, शाळा, मित्र या सगळ्यांत जाऊन केलेले काम कितीतरी प्रभावी ठरले. मायकल काल्डवेल यांनी २०१६ साली १०६ अभ्यासांतील ३३,७८३ किशोरांची माहिती एकत्र केली. सरासरी सुमारे पाच वर्षांच्या काळात पुन्हा लैंगिक अपराध केल्याचे प्रमाण निघाले ४.९२ टक्के, आणि २००० नंतरच्या अभ्यासांत तर २.७५ टक्केच. म्हणजे यांतली बहुसंख्य मुले पुन्हा त्या वाटेने जात नाहीत. पकडले न गेलेले अपराध या आकड्यांत येत नाहीत हे खरे, पण 'मोठा होऊन राक्षस होणार' या भाकिताला आधार उरत नाही. प्रौढांवरील १९९८ सालच्या एका मोठ्या संकलनातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : कृत्य नाकारणे आणि ते पुन्हा करणे यांचा ठळक संबंध दिसत नाही.

इथे आमच्या सुरुवातीच्या वाक्याला फेरविचाराची गरज पडते. 'माझ्याकडून घडलं' म्हणणारा मुलगा सुटला आणि 'मी केलं' म्हणणारा सुधारला, असे सरळ गणित नाही. पंधरा वर्षांच्या पोराचे 'घडलं' ही लबाडी असू शकते, लाज असू शकते, किंवा त्याच्या घरात बोलण्याची तीच रीत असू शकते. उपचारक त्या वाक्याला पकडून बसत नाही. ते कुठून आले, हे पाहतो.

आणि ते कुठून येते, याचा पुरावा मराठी वाङ्मयात आहे. भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' १९६५ साली आला आणि आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून त्यावर आग ओकली. अश्लीलतेच्या त्या वादात एक गोष्ट झाकली गेली. नाक्यावरची ती पोरे मुलींविषयी जे बोलतात त्यात प्रत्यक्ष मुलगी जवळजवळ नसतेच. बोलणे चाललेले असते एकमेकांसाठी. बढाई, चढाओढ, 'सगळेच करतात'चा दिलासा. मानसशास्त्र ज्यांना विकृत समजुती म्हणते त्या पोक्या आणि त्याच्या दोस्तांच्या गप्पांत तयार होताना दिसतात. पाध्ये त्यांचे समर्थन करत नाहीत आणि निषेधही करत नाहीत. ते ऐकतात. या मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्या मराठी समुपदेशकाच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक का नसावे, हे आम्हांला कळत नाही. आज नाक्याची जागा मोबाइलवरच्या गटांनी आणि चित्रफितींनी घेतली आहे. भाषा अधिक हिंस्र झाली, पण रचना तीच.

कायद्यात या प्रश्नाला जागा मिळाली ती संतापाच्या लाटेवर. डिसेंबर २०१२ची दिल्लीतील घटना, त्यातील एक आरोपी अल्पवयीन. ऑगस्ट २०१३मध्ये मुंबईच्या शक्ती मिलमधील घटना, तिथेही अल्पवयीन आरोपी. न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्ये वयोमर्यादा अठरावरून सोळावर आणण्यास नकार दिला होता. तरी दिल्लीतला मुलगा तीन वर्षे संपवून २० डिसेंबर २०१५ रोजी बाहेर आला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने निर्घृण अपराध केल्याचा आरोप असेल तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करून मंडळ त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी पाठवू शकते, हे कलम १५. मूल्यमापन किती नाजूक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये सांगितले आणि मंडळात बालमानसतज्ज्ञ नसल्यास तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक ठरवले.

चर्चा सगळी कलम १५ची झाली. कलम १८कडे फार कुणी पाहिले नाही. मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवताना त्याला शिक्षण, कौशल्यविकास, समुपदेशन, वर्तन-परिवर्तन उपचार आणि मानसोपचाराचा आधार द्यावा, असे ते कलम म्हणते. १८५७पासून आपण पाहत असलेल्या सुतारशाळेच्या यादीत प्रथमच 'उपचार' हा शब्द इतक्या स्पष्टपणे आला. पण शब्द पाहा : 'वर्तन-परिवर्तन'. त्यात वर्तन आहे. विचार नाही, कुटुंब नाही. कोणत्या अपराधासाठी कोणता उपचार, किती काळ, कुणी द्यायचा, हे त्या शब्दांतून समजत नाही. आपल्या देशात या दिशेने पद्धतशीर काम झाले आहे ते मुख्यतः बंगळुरूच्या निम्हान्समध्ये. डॉ. शेखर शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी विधिसंघर्षग्रस्त मुलांसोबत करायच्या संभाषणांचे, खेळांचे, गोष्टींचे साहित्य तयार केले. २०२० साली तिथेच केंद्र सरकारच्या सहकार्याने 'संवाद' हा उपक्रम उभा राहिला. नाव योग्य आहे.

आता हे सगळे तोरणमाळला नेऊन पाहू. सातपुड्याच्या माथ्यावरचे, अक्राणी तालुक्यातले हे ठिकाण पर्यटकांना यशवंत तलाव आणि सीताखाई यांसाठी माहीत असते. इथून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर घाट उतरून शहादा, मग प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार. मुलगा घरीच राहतो आहे आणि बापासह दर आठवड्याला समुपदेशनाला यायचे आहे, अशी कल्पना केली तर बापाचा एका दिवसाचा रोज बुडणार, आणि पावसाळ्यात तर वाटेचीही शाश्वती नाही. मिसूरीच्या प्रयोगाचा धडा असा की उपचार घरापर्यंत गेला पाहिजे. घर पाड्यावर असेल तर पाड्यापर्यंत.

अंतराहून अवघड प्रश्न मुलाच्या वर्गीकरणाचा. दोन मुले डोळ्यांपुढे आणा. दोघेही काल्पनिक. एकाने नात्यातल्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला आहे. दुसरा साडेसोळा वर्षांचा. तो सतरा वर्षांच्या मुलीसोबत, तिच्याही मनाने, पळून गेला आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागू झाला आणि संमतीचे वय सोळावरून अठरावर गेले. २०१९च्या दुरुस्तीने लैंगिक संबंधाच्या अपराधाची किमान शिक्षा दहा वर्षे झाली. किमान सात वर्षे शिक्षा असलेला अपराध 'निर्घृण', म्हणून दुसऱ्या मुलालाही कलम १५चे मूल्यमापन लागू. पावरा समाजात अशी पळून गेलेली जोडपी परतल्यावर पंच बसतात, देज ठरते, दंड ठरतो आणि बहुधा लग्न लागते. या रीतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मुलीचे मत पंचांपुढे किती चालते आणि सात वर्षांच्या मुलीचे प्रकरणही दंडावर मिटवले गेले तर काय, हे प्रश्न आहेतच. भोंगऱ्या बाजाराला पळून जाण्याची जत्रा म्हणून रंगवणाऱ्या लेखांचाही आम्हांला कंटाळा आहे. आदिवासी संघटनांनी त्या चित्रणावर घेतलेला आक्षेप रास्त आहे. मुद्दा एवढाच की कागदावर दोन्ही मुले एकाच नावाची होतात. पहिल्याला उपचाराची निकड आहे. दुसऱ्याला संमतीवरचा उपचार देणे म्हणजे त्याच्या हातून न झालेल्या कृत्याची कबुली घेणे. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३च्या २८३व्या अहवालात वय कमी करण्यास विरोध केला, पण सोळा ते अठरा वयातील मूकसंमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला विवेकाधिकार असावा असे सुचवले. अहवाल म्हणजे कायदा नव्हे.

आणि सात वर्षांची ती मुलगी? ती त्याच पाड्यावर राहते. मुलाला 'नवी सुरुवात' मिळावी, त्याच्या नोंदी पुसल्या जाव्यात हे कायद्याचे तत्त्व आहे आणि आम्हांला ते मान्य आहे. पण पाड्याच्या स्मरणातली नोंद पुसता येत नाही. तो परतेल तेव्हा ती दहा वर्षांची असेल. दोघांची पाणवठ्याची वाट एकच. तो विशेष गृहातून सुतारकाम शिकून आला, एवढ्याने तिला काय मिळाले? तिच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच आहे : त्याच्या घरातल्यांना काय माहीत आहे, तो एकटा असताना कोण लक्ष ठेवणार, तिच्याविषयी तो आता काय विचार करतो. उपचाराचा जो शेवटचा, आराखड्याचा भाग आम्ही वर सांगितला, तो खरे तर तिच्यासाठी आहे.

हे सारे कोणत्या भाषेत होणार? मंडळाचे कामकाज मराठीत, अहवाल मराठीत. मुलगा पावरी बोलतो. आश्रमशाळेत तो मराठी शिकला, पण ती धड्यांची आणि हजेरीची मराठी. साक्षी-पुराव्यापुरता दुभाष्या चालेल. 'त्या क्षणी तुझ्या मनात काय आले' याला दुभाष्या कसा चालवायचा? वाक्यातून 'मी' कुठे गेला हे तपासण्यावर उभा असलेला उपचार अनुवादात गेला की दुभाष्या सवयीने वाक्य नीट करून देतो. मुलाचे 'घडलं' तिथेच 'केलं' होते, किंवा उलट. पावरी वाक्यात कर्ता कुठे उभा राहतो, लाज कोणत्या शब्दाने सांगितली जाते, शरीराच्या अवयवांना लहान मुलासमोर उच्चारता येतील अशी कोणती नावे आहेत, याची टिपणे मराठीच्या पुस्तकांत मिळत नाहीत. ती पावरी बोलणाऱ्यांजवळ आहेत.

बाल न्याय कायद्याच्या कलम ८मध्ये मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर पात्र दुभाषी किंवा अनुवादक पुरवणे आणि त्याला ठरलेले शुल्क देणे, हे मंडळाचे कर्तव्य सांगितले आहे. आमच्या एम. ए.च्या वर्गात पावरी घरातून आलेली, मराठी व्याकरण पक्के असलेली मुले-मुली दरवर्षी असतात. निम्हान्सच्या साहित्यातली पाच-सहा संभाषणे पावरीत आणि भिलीत करून पाहणे हा त्यांच्या प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही अजूनही वर्तमानपत्रातला अग्रलेख देतो.